चार जूनच्या सकाळचे डाउंटलेस: मिडवेच्या लढाईतील विमानाची पहिली प्रतिकृती

मिडवेच्या लढाईतले विमान करायचे म्हणून नवखा माणूस एखादे किट विकत आणतो, महिनाभर खपून ते जोडतो, रंगवतो आणि फळीवर ठेवतो. पण पुष्कळदा जे उभे राहते ते मिडवेचे विमान नसते. कधी त्याच्या पंखावरील पांढऱ्या ताऱ्याच्या मध्यभागी लाल ठिपका असतो, म्हणजे ते लढाईच्या आधीचे असते. कधी ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असतात, म्हणजे ते लढाईनंतर वर्षभराने रंगवलेले असते. जोडणीत चूक नसते, रंगकामही नीटनेटके असते, फक्त तारीख चुकलेली असते. म्हणून या लेखात जी पद्धत सांगितली आहे तिची सुरुवात सुरीने किंवा डिंकाने होत नाही. आपण कोणत्या दिवशीचे, कोणत्या जहाजावरचे आणि शक्य झाल्यास कोणत्या घटकेचे विमान करणार आहोत, हे आधी कागदावर लिहून काढावे. किटची निवड, बॉम्ब, रंग आणि चिन्हे यांविषयीचे बहुतेक प्रश्न त्या एका ओळीतून सुटतात.

मिडवे हे हवाईच्या वायव्येस, प्रशांत महासागरात असलेले चिमुकले प्रवाळबेट. ४ ते ७ जून १९४२ या काळात त्याच्या परिसरात अमेरिकेच्या एंटरप्राइझ, हॉर्नेट आणि यॉर्कटाउन या तीन विमानवाहू नौका आणि जपानच्या अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या चार विमानवाहू नौका एकमेकींशी लढल्या. जपानच्या चारही नौका बुडाल्या. अमेरिकेने यॉर्कटाउन गमावली. या नौका परस्परांच्या दृष्टिपथात आल्याच नाहीत, लढाई झाली ती विमानांची, आणि म्हणून प्रतिकृती करणाऱ्यांना या लढाईची ओढ वाटते.

आपली ओळ अशी ठरवू: ४ जून १९४२, सकाळी १०.२० च्या सुमारास, एंटरप्राइझ किंवा यॉर्कटाउनवरून उडालेले डग्लस एसबीडी-३ डाउंटलेस, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारे विमान. याच सुमारास डाउंटलेसच्या तुकड्या अकागी, कागा आणि सोर्यू यांच्यावर आकाशातून जवळजवळ उभा सूर मारून कोसळल्या आणि काही मिनिटांत तिन्ही नौका पेटल्या. एंटरप्राइझच्या तुकडीचे नेतृत्व वेड मॅक्लस्की यांच्याकडे होते. अपेक्षित जागी जपानी आरमार सापडले नाही तेव्हा त्यांनी इंधनाची काळजी बाजूला ठेवून शोध चालू ठेवला, आणि एकटीच वेगाने जाणारी ‘अराशी’ ही जपानी विनाशिका दिसल्यावर तिच्या रोखाने जाऊन आरमार गाठले.

डाउंटलेसच का, याचे कारण केवळ पराक्रमाचे नाही. नवख्याच्या हातांचाही विचार करावा लागतो. हॉर्नेटच्या आठव्या टॉर्पेडो तुकडीची पंधराच्या पंधरा डेव्हास्टेटर विमाने त्या सकाळी पाडली गेली आणि त्यांतील वैमानिकांपैकी व सहकाऱ्यांपैकी एकटे जॉर्ज गे वाचले. ही कथा वाचून डेव्हास्टेटर करण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, पण त्याची लांबलचक काच आणि दुमडणारे पंख पहिल्या प्रयत्नाला जड जातात. वाइल्डकॅट हे लढाऊ विमान दिसायला गुटगुटीत आणि सोपे वाटते, मात्र त्याची चाके धडाच्या पोटातून निघणाऱ्या अनेक बारीक दांड्यांवर उभी असतात, आणि त्या दांड्या सरळ जुळवताना अनुभवी माणसाचाही धीर सुटतो. डाउंटलेसचे पंख दुमडत नसत, त्याच्या चाकांचे पाय साधे आणि एकमेकांपासून दूर आहेत, रंग दोनच आहेत. अवघड गोष्टी दोनच: जाळीदार फ्लॅप आणि दोन माणसांची लांब काच. त्या दोन्हींकडे पुढे सविस्तर पाहू.

किट निवडताना खोक्यावरील चित्र पाहून हुरळून जाऊ नये. नावापुढचा आकडा वाचावा. मिडवेला विमानवाहू नौकांवरून एसबीडी-३ उडाली, तर बेटावरील मरीन दलाकडे त्याहून जुनी एसबीडी-२ होती. बाजारात एसबीडी-५ ची किटेही मिळतात आणि ती सहज फसवतात. ओळखण्याची सोपी खूण इंजिनाच्या आवरणावर आहे: एसबीडी-३ च्या आवरणाच्या माथ्यावर हवा आत घेण्याचे उंचवट्यासारखे तोंड असते, एसबीडी-५ मध्ये ते वरून नाहीसे झाले. दुसरी खूण पुढच्या काचेत आहे. एसबीडी-३ मध्ये नेम धरण्यासाठी दुर्बिणीसारखी नळी काचेतून आरपार बाहेर आलेली दिसते. वरच्या थंड हवेतून खालच्या दमट हवेत सूर मारताना हीच नळी धुक्याने भरून जाई आणि वैमानिकाला ऐन वेळी काही दिसेनासे होई. नंतरच्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली.

प्रमाणाचा प्रश्न घरातील जागेशी निगडित आहे. डाउंटलेसच्या पंखांचा विस्तार १२.६५ मीटर होता. १/७२ प्रमाणात तो साधारण साडेसतरा सेंटीमीटर भरतो आणि १/४८ प्रमाणात सव्वीस सेंटीमीटरांच्या वर जातो. पहिल्या प्रतिकृतीसाठी मी १/७२ सुचवेन, कारण किट स्वस्त पडते, रंग कमी लागतो आणि पुढे शेजारी झीरो हे जपानी लढाऊ विमान ठेवायचे ठरले तर एकाच फळीवर दोन्ही मावतात. डोळ्यांना चष्मा असलेल्यांनी मात्र १/४८ घेण्यास संकोच करू नये.

साधनांची यादी लांबवण्यात अर्थ नाही. भाग चौकटीतून कापण्यासाठी चांगल्या धारेचा निपर, एक हस्तकलेची सुरी आणि जास्तीची पाती, ४०० पासून १५०० पर्यंतचे वॉटर पेपर, चिमटा, मास्किंग टेप, दोन चांगले ब्रश आणि प्लास्टिकचा पातळ सिमेंट एवढ्यावर काम सुरू होते. हा सिमेंट डिंकासारखा चिकटत नाही. तो प्लास्टिक किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकमेकांत मुरतात. म्हणून तो आधी फासून मग भाग जोडायचे नसतात. भाग एकमेकांना लावून धरावेत आणि ब्रशचे टोक फटीला टेकवावे, म्हणजे द्रव आपोआप आत ओढला जातो. त्याच्या वाफा डोके चढवतात, तेव्हा खिडकी उघडी हवी. फेविक्विक धातूच्या बारीक भागांसाठी ठेवावे. काचेजवळ ते आणू नये. माझ्या पहिल्या विमानाची काच त्याच्या वाफेने रात्रीत दुधाळ झाली आणि आतले आठ दिवसांचे काम कायमचे झाकले गेले.

आता जोडणी. भाग चौकटीतच असताना कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावेत, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. सूचनापत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाचावे आणि प्रत्येक भाग सिमेंट न लावता आधी नुसता जुळवून पाहावा. ही कोरडी जुळणी कंटाळवाणी वाटते, परंतु कोठे फट पडणार आहे हे तेव्हाच कळते आणि तेव्हाच ती कानशीने किंवा पातळ प्लास्टिकच्या पट्टीने दुरुस्त करता येते.

काम नेहमी आतून बाहेर चालते. वैमानिकाची बैठक, मागे तोंड करून बसणाऱ्या बिनतारी यंत्रचालक-तोफचीची बैठक, उपकरणांची फळी आणि बाजूच्या भिंती हिरवट रंगात रंगवाव्यात. वाळल्यावर काळपट तपकिरी पातळ रंगाचा हलका हात फिरवावा आणि तो वाळला की कोरड्या ब्रशने कडांवर फिकट हिरवा टेकवावा. १/७२ प्रमाणात आतले फार थोडे दिसते. सुरक्षा पट्टे मात्र करावेत; मास्किंग टेपच्या अर्ध्या मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांना फिकट मातकट रंग दिला की पुरे. ते नसतील तर बैठक खेळण्यातली वाटते.

धडाचे दोन अर्ध बंद करताना घाई करू नये. सिमेंट एकदम सर्वत्र न लावता दोन-तीन सेंटीमीटरांच्या टप्प्यांनी लावावा आणि प्रत्येक टप्पा बोटांनी हलकेच दाबावा. फटीतून मऊ प्लास्टिकचा बारीक मणी वर आला पाहिजे. तो एक दिवस वाळू द्यावा आणि मग वॉटर पेपरने घासून काढावा, म्हणजे पुट्टी न भरताही सांधा नाहीसा होतो. घासताना पत्र्याच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेषा बुजतात. त्या सुईच्या टोकाने, टेपची कड धरून, पुन्हा ओढाव्यात.

पंखांच्या बाबतीत डाउंटलेसचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे. पंखाचा धडालगतचा मधला भाग सपाट आहे आणि बाहेरचे भाग तिथून वर उचललेले आहेत. दोन्ही बाजूंची ही उचल सारखी नसेल तर विमान लंगडे दिसते आणि नंतर काहीही केले तरी ते झाकत नाही. विमान सपाट काचेवर ठेवून दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीच्या काड्यापेट्या सरकवाव्यात, समोरून एक डोळा मिटून पाहावे आणि सिमेंट पूर्ण वाळेपर्यंत त्याला हात लावू नये. आडवी शेपटी जोडताना ती पंखांशी समांतर आहे का, हेही समोरूनच तपासावे.

आता त्या जाळीदार फ्लॅपविषयी. डाउंटलेसच्या पंखाच्या मागच्या कडेला असलेले हे फ्लॅप सूर मारताना वर आणि खाली उघडत आणि विमानाचा वेग आवरत. त्यांना ओळीने गोल भोके पाडलेली होती, कारण अखंड फ्लॅप उघडल्यावर मागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांनी शेपटी थरथरत असे. लहान प्रमाणातील किटांमध्ये ही भोके बहुधा नुसते खळगे असतात. एकेक भोक हातड्रिलने आरपार पाडणारे धीराचे लोक आहेत, पण पहिल्या विमानाला हा हट्ट नको. फ्लॅप बंद स्थितीत जोडावेत आणि रंगकामाच्या शेवटी खळग्यांत गडद राखाडी पातळ रंग सोडावा. उघडे फ्लॅप दाखवायचे असतील तर त्यांच्या आतल्या बाजूला लाल रंग द्यावा लागतो, आणि मग विमान चाकांवर उभे न करता सूर मारताना दांडीवर टांगणेच शोभते. डेकवर उभे असलेले विमान आणि सताड उघडे फ्लॅप ही जोडी प्रदर्शनांत वारंवार दिसते, पण ४ जूनच्या सकाळच्या गोष्टीत ती बसत नाही.

बॉम्बच्या बाबतीत आपण ठरवलेल्या ओळीचा खरा उपयोग होतो. एंटरप्राइझवरील सहाव्या बॉम्बर तुकडीच्या विमानांखाली १,००० पौंडांचा म्हणजे सुमारे ४५० किलोचा एकच बॉम्ब होता. त्याच नौकेच्या सहाव्या टेहळणी तुकडीकडे ५०० पौंडांचा एक आणि पंखांखाली १०० पौंडांचे दोन होते. किटमध्ये बहुधा दोन्ही प्रकार असतात आणि सगळेच लटकवण्याचा मोह होतो. यॉर्कटाउनच्या तिसऱ्या बॉम्बर तुकडीचे प्रमुख मॅक्स लेस्ली यांचे विमान केले तर आणखी एक गंमत आहे. त्यांच्या विमानातील बॉम्ब सज्ज करण्याच्या विजेच्या कळीत दोष असल्याने वाटेतच त्यांचा बॉम्ब समुद्रात पडला, आणि तरीही त्यांनी सोर्यूवर सूर मारताना तुकडीचे नेतृत्व केले. म्हणजे लेस्लींचे विमान उड्डाणापूर्वीचे असेल तर बॉम्ब हवा, हल्ल्याच्या क्षणीचे असेल तर नको. पोटाखालचा बॉम्ब झोक्यासारख्या एका चौकटीत असे. ती चौकट खाली झुलून बॉम्बला पंख्याच्या पात्यांपलीकडे ढकलत असे. ती न विसरता जोडावी.

काच चिकटवण्यासाठी फेविकॉल सर्वांत उत्तम. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, काचेला धुरकट करत नाही आणि चूक झाल्यास ओल्या फडक्याने पुसता येतो. काचेच्या चौकटी रंगवण्यासाठी प्रत्येक तावदानावर मास्किंग टेप लावून ती धारदार नव्या पात्याने कडेने कापावी. हे काम एका बैठकीत करू नये, डोळे थकले की पाते घसरते. मागच्या तोफचीची काच उघडी ठेवून जुळी यंत्रबंदूक मागच्या दिशेने रोखलेली दाखवली तर विमानात जीव येतो. बंदूक शेवटी बसवावी, नाहीतर ती मोडणार हे ठरलेले.

रंगकामात आपल्याकडील हवेचा विचार करावा लागतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात फवाऱ्याने मारलेला लॅकर किंवा मॅट वार्निश हवेतील ओलावा ओढून पांढुरका पडतो. जूनमध्येच मिडवेचे विमान पूर्ण करायचे अशा भाबड्या हौसेने मी एकदा भर पावसात वार्निश मारले आणि निळे विमान राखेत लोळल्यासारखे झाले. जोडणी पावसाळ्यात करावी आणि शेवटचे थर कोरड्या दिवसासाठी राखून ठेवावेत. ब्रशने लावायच्या पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांना हा त्रास कमी होतो, फक्त थर पातळ हवेत आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा.

त्या काळी अमेरिकन नौदलाची विमाने वरून आणि बाजूंनी चमक नसलेल्या निळसर राखाडी रंगाची आणि खालून फिकट राखाडी रंगाची असत. एफएस (फेडरल स्टँडर्ड) या अमेरिकन सरकारी रंगतक्त्यात त्यांच्या जवळच्या छटा म्हणून ३५१८९ आणि ३६४४० हे क्रमांक वापरले जातात. प्रायमर, मग खालचा फिकट रंग, मग मास्किंग करून वरचा निळसर राखाडी असा क्रम ठेवावा, कारण फिकटावर गडद सहज बसतो, उलटे अवघड जाते. हा निळा उन्हाने आणि समुद्राच्या खारट हवेने लवकर खडूसारखा फिका पडत असे. वरच्या रंगात थोडा पांढरा मिसळून पत्र्यांच्या मध्यभागी अगदी पातळ थर दिल्यास तो परिणाम साधतो.

यानंतर चिन्हे, आणि इथे तारीख पुन्हा समोर येते. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकन नौदलाच्या विमानांवर निळ्या वर्तुळातील पांढऱ्या ताऱ्याच्या मध्यभागी लाल ठिपका होता आणि शेपटीच्या सुकाणूवर लाल-पांढरे आडवे पट्टे होते. जपानी विमानांवरील लाल सूर्याशी घोटाळा होऊ नये म्हणून मे १९४२ मध्ये ठिपका आणि पट्टे दोन्ही काढण्यात आले. ताऱ्याच्या बाजूचे पांढरे पट्टे जून १९४३ मध्ये आले. म्हणजे मिडवेच्या डाउंटलेसवर निळे वर्तुळ आणि अखंड पांढरा तारा एवढेच, आणि तेही पंखांच्या वर-खाली दोन्हीकडे व धडाच्या दोन्ही बाजूंना. किटच्या डेकलपत्रावर, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांच्या कागदावर, लाल ठिपका वेगळा छापलेला असेल तर तो सरळ बाजूला ठेवावा. ज्या विमानांवर हे लाल भाग होते त्यांच्यावर ते रंगाने झाकले गेले, म्हणून ताऱ्याचा मधला भाग किंचित अधिक शुभ्र आणि सुकाणूचा निळा शेजारच्या उभ्या शेपटीपेक्षा थोडा ताजा दाखवणे सयुक्तिक ठरते. जाणकाराचे लक्ष तिथेच जाते.

डेकल मॅट रंगावर थेट लावले तर खाली हवा अडकून चंदेरी दिसते. आधी चकचकीत वार्निशचा थर द्यावा, डेकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवून कागदावरून सरकवावे, ओल्या ब्रशने जागेवर आणावे, पाणी टिपून घ्यावे आणि वरून डेकल मऊ करणारा द्रव लावावा. द्रव लावल्यावर डेकल सुरकुतते आणि नवखा घाबरून त्याला हात लावतो. लावू नये, वाळताना ते आपोआप ताणले जाऊन पत्र्याच्या रेषांत बसते. दुसऱ्या दिवशी रेषांमध्ये गडद राखाडी पातळ तैलरंग सोडून पुसावा, धुराड्यांमागे तपकिरी-काळ्या धुराचा हलका पट्टा ओढावा आणि शेवटी मॅट वार्निश द्यावे. रंगाचे पोपडे उडालेले दाखवण्याचा सोस आवरावा. विमानवाहू नौकांवरील विमाने समुद्राच्या खाऱ्या हवेमुळेच जपली जात असत.

हीच गोष्ट जपानी झीरोला अधिक लागू आहे. पोपडे उडालेले, खालचा पत्रा चमकणारे झीरो हे युद्धाच्या उत्तरार्धातील तळांवरचे चित्र आहे. जून १९४२ मध्ये अकागीवरचे झीरो किंचित हिरवट झाक असलेल्या राखाडी रंगाचे, काळपट निळ्या इंजिन-आवरणाचे आणि नीट राखलेले होते. धडाच्या मागच्या भागावर अकागीसाठी एक लाल आणि कागासाठी दोन लाल पट्टे असत, सोर्यू व हिर्यूच्या दुसऱ्या विभागासाठी निळे. एकच बैठक, एकच मुख्य रंग आणि मोजकी चिन्हे यांमुळे दुसरे किट म्हणून झीरो हाती घेतल्यास ते डाउंटलेसपेक्षा निम्म्या वेळात होते. त्याच्या पंखांची टोके पन्नासेक सेंटीमीटर वर दुमडत, ती दुमडलेली दाखवायची असतील तर पंख जोडण्याआधी कापावीत.

संदर्भासाठी छायाचित्रे पाहताना मिडवेच्या बेटावरून लढलेले २१०६ क्रमांकाचे एसबीडी-२ अवश्य शोधावे. त्या लढाईत त्याला दोनशेहून अधिक गोळ्या लागल्या, तरी ते परतले. पुढे प्रशिक्षणात मिशिगन सरोवरात पडले आणि १९९४ मध्ये वर काढून पेन्साकोला येथील नौदल वैमानिकी संग्रहालयाने ते पुन्हा उभे केले. फ्लॅपची भोके, बॉम्बची चौकट आणि बैठकांची मांडणी खऱ्या विमानावर पाहता येते. गोव्याला जाणे झाले तर बोगमाळो येथील नौदल वैमानिकी संग्रहालयात आपल्या पहिल्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडालेली सी हॉक आणि अलिझे ही विमाने आहेत. ती पुढच्या काळातली आहेत, परंतु शेपटीखालचा अडकवण्याचा आकडा किती जाड असतो आणि दुमडत्या पंखाची बिजागरी कशी दिसते, हे हाताच्या अंतरावरून पाहिल्यावर किटमधील बारीक भागांचा अर्थ कळतो.

शेवटचे काम बिनतारीची तार. किटच्या रिकाम्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून फिरवावा, मऊ झाला की ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही टोके सावकाश ओढावीत; केसाइतका बारीक धागा मिळतो. तो धडावरील खांबापासून शेपटीच्या माथ्यापर्यंत फेविकॉलच्या टिपक्याने लावावा आणि नुकत्याच विझवलेल्या उदबत्तीचे गरम टोक त्याच्याजवळून, स्पर्श न करता, फिरवावे, म्हणजे तार ताणली जाते. ती सुकली की विमान लाकडी पाटावर ठेवावे आणि पाटाच्या खालच्या बाजूला, सुरुवातीला कागदावर लिहिलेली ओळ तशीच्या तशी उतरवावी: नौका, तुकडी, ४ जून १९४२, सकाळची वेळ.